परक्या उबेतली बदकं

रोममधल्या थोरल्या प्लिनीने इ. स. 77 च्या सुमारास जो निसर्गविषयक ग्रंथ लिहिला, त्यात कोंबडीच्या पोटाखाली ठेवलेल्या बदकाच्या अंड्यांची हकीकत आहे. पिल्लं बाहेर पडल्यावर कोंबडी आधी चक्रावते, मग काळजीने हाका मारून त्यांना गोळा करते आणि शेवटी ती तळ्यात उतरली की काठावर आक्रोश करत फिरते, असं त्याने नोंदवलं आहे. तेव्हापासून बदकांच्या जाती बदलल्या, उबवणीची यंत्रं आली, तरी चार-दहा बदकं पाळणाऱ्या घरात हा प्रसंग आजही जसाच्या तसा घडतो. भरपूर अंडी देणारं पाळीव बदक स्वतःच्या अंड्यांवर सहसा बसतच नाही, त्याला कोण काय करणार?

या एका गोष्टीतून पुढचा सगळा व्याप निघतो. पिल्लं हवी असतील तर आईचं काम दुसऱ्यांना वाटून द्यावं लागतं. ऊब कोंबडी देते किंवा यंत्र देतं, अंड्यांची ओल माणसाच्या हातात जाते, दाणापाणी घरातल्या बाईकडे नाहीतर शाळेतून आलेल्या पोरांकडे येतं. वाटणीत जे काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही, नेमक्या त्याच ठिकाणी पिल्लू दगावतं. म्हणून बदकाची उबवणी शिकायची म्हणजे एका आईच्या कामाची नीट यादी करायची आणि त्यातलं काय सुटतंय ते पाहत राहायचं.

ही यादी इथे करायची आहे ती यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, आणि हे काही बदकांचं गाव नव्हे. हा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. दारात गावरान कोंबडी असते, बदक क्वचित. 2019 च्या पशुगणनेत देशभरात 85 कोटींहून जास्त कुक्कुटपक्षी मोजले गेले, त्यांत बदकं सुमारे 3 कोटी 35 लाख होती. आणि त्यांतली बहुतांश पश्चिम बंगाल व आसाममधली. तिथे घरामागे पुकुर, म्हणजे छोटं तळं, असतं, सकाळी दार उघडलं की बदकं आपली आपण पाण्यात जातात. इथे पाणी म्हणजे विहीर, कुठे शेततळं आणि दिवाळीनंतर आटत जाणारा नाला. तरीही अंड्यांसाठी पाळलेल्या बदकाला पोहायला तळं लागतंच असं नाही. डोकं बुडवून चोच, नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतकं खोल भांडं त्याला पुरतं. अडचण वेगळीच आहे. कोंबडी कशी बसवायची हे इथल्या आजीला पाठ असतं. बदकाचं मात्र घरात कुणी पाहिलेलं नसतं, आणि मग कोंबडीचेच नियम बदकाला लावले जातात. बरेचसे लागू पडतात. जे पडत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिखाण.

बदकाची बसायची सवय कशी गेली, याचं उत्तर इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, उली नावाच्या गावात सापडतं. तिथल्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंकडे इंडियन रनर जातीची एक मादी होती. तिने 196 दिवसांत 182 अंडी दिली होती. नावात इंडियन असलं तरी ही जात मुळातली आग्नेय आशियाच्या बेटांवरची. कॅम्पबेलबाईंनी तिचा रुआँ जातीच्या नराशी संकर केला, पुढे रानबदकाचंही रक्त आणलं आणि 1898 च्या सुमारास आपली जात लोकांपुढे मांडली. तीच पुढे खाकी कॅम्पबेल म्हणून जगभर गेली. भारतातही अंड्यांसाठी सरकारी केंद्रांनी तिचाच प्रसार केला. चांगल्या खुराकावर ती वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. आता हिशेब असा, की खुडूक बसलेला पक्षी अंडी घालणं थांबवतो. त्यामुळे जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडत गेलं की न बसणाऱ्या माद्याच निवडल्या जातात. मराठी मुलांना ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून भेटलेल्या कुरूप पिल्लाचं मूळ अँडरसनच्या 1843 सालच्या कथेत आहे, आणि त्या कथेतली बदकीण चिकाटीने अंडी उबवते. खाकी कॅम्पबेलकडून ती अपेक्षा करू नये. पाळीव बदकांत अपवाद मस्कोव्हीचा. दक्षिण अमेरिकेतून आलेलं, तोंडावर लाल मांसल गाठी असलेलं हे बदक मन लावून बसतं. पण त्याची अंडी उबायला पस्तीस दिवस घेतात.

बसणारी आई नेमकं करते काय, हे पाहायचं तर रानातल्या बदकाकडे जावं लागतं. महाराष्ट्रातल्या तळ्यांवर दिसणारं हळदीकुंकू बदक पाण्याजवळच्या गवतात, जमिनीवर घरटं करतं. बदकाची मादी छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते. दिवसातून थोडा वेळ ती चरायला उठते, तेव्हा तीच पिसं अंड्यांवर ओढून घेते. तेवढ्या वेळात अंडी जराशी निवतात. परत येते ती ओल्या पोटाने, म्हणजे अंड्यांना ओलावा मिळतो. चोचीने ती अंडी उलटीपालटी करत राहते, त्यामुळे आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटत नाही. ऊब, निववणं, ओल आणि उलटणं, ही चारही कामं एकाच पक्ष्याच्या येण्याजाण्यात उरकतात.

कोंबडी यातली ऊब उत्तम देते. खुडूक गावरान कोंबडीच्या पोटाखाली तिची स्वतःची दहा-बारा अंडी मावतात. बदकाचं अंडं 60-70 ग्रॅमचं, म्हणून ती आठ-नऊच ठेवावीत. जास्त ठेवली तर कडेची अंडी आळीपाळीने थंड पडतात आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान होतं. जड अंडं तिला नीट फिरवता येत नाही, तेव्हा ती दाण्याला उठली की माणसाने हात लावावा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली मारून ठेवली की कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं ते कळतं. कोंबडीचं पोट ओलं होत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत रोज एकदा अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका फवारा द्यायची पद्धत आहे.

मुदतीचा घोटाळा सगळ्यात जास्त घरांत होतो. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28. एकाच कोंबडीखाली दोन्ही प्रकारची अंडी एकाच दिवशी ठेवली, की एकविसाव्या दिवशी आपली पिल्लं घेऊन कोंबडी उठते आणि बदकाची अंडी आठवडाभर आधीच उघडी पडतात. दोन्ही हवी असतील तर बदकाची अंडी सात दिवस आधी बसवायची. आणि चार आठवडे बसलेली कोंबडी फार खंगते. तिचं दाणापाणी टोपलीजवळच ठेवावं, बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा घालवाव्यात. उवांनी बेजार झालेली कोंबडी रात्री टोपली सोडते, आणि सकाळी कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवायची चाल देशात अनेक ठिकाणी आहे. विजांच्या कडकडाटाने अंडी बिघडतात, ती लोखंडाने वाचतात, असा समज. लोखंडाचा उपयोग शून्य, पण गडगडाटाच्या दिवसांत अंडी जास्त बिघडतात हे निरीक्षण मुळीच खोटं नाही. ते दिवस उन्हाळ्याच्या शेवटाचे आणि पावसाच्या सुरुवातीचे. आधी उष्मा आणि मग दमट हवा, दोन्ही अंड्यांच्या मुळावर येतात.

विदर्भात उबवणीची पुस्तकं उलटी वाचावी लागतात, ती याचमुळे. बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, त्यांची सगळी चिंता ऊब कशी द्यावी याची. पंखा असलेल्या यंत्रात अंड्यांना 37.5 अंश सेल्सिअस लागतात. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात सावलीतला पारा चाळीशी ओलांडतो, म्हणजे बाहेरची हवाच यंत्राहून गरम. अंडं साधारण 21 अंशांच्या पुढे गेलं की आतला गर्भ संथपणे वाढू लागतो. बसवण्यासाठी आठवडाभर टोपलीत साठवलेली उन्हाळ्यातली अंडी अशी अर्धवट वाढून आतल्या आत मरतात, आणि दोष मात्र कोंबडीला लागतो. अशा दिवसांत ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, घराच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात अंडी ठेवावीत आणि तीन-चार दिवसांत बसवून टाकावीत.

ओलीचं गणितही असंच आहे. उबवणीच्या काळात बदकाच्या अंड्याचं वजन तेरा-चौदा टक्क्यांनी घटायला हवं. तेवढं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून गेलं तरच बोथट टोकाची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला तिथे पहिला श्वास घेता येतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं, पडदा चामड्यासारखा घट्ट होतो आणि पिल्लू त्यात अडकतं. ऑगस्टमध्ये उलट. पाणी उडत नाही, पिल्लू आतच गुदमरतं. या भागात बदकं उबवायची तर पाऊस ओसरल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात सोपा. अंडी अगदी पहाटे घातली जातात, तीही बहुधा चिखलात नाहीतर ओल्या कुटारावर. म्हणून उजाडताच गोळा करायची आणि बरबटलेली अंडी उबवायला घ्यायचीच नाहीत. घाणीतले जंतू छिद्रांतून आत शिरतात आणि पंधरा-वीस दिवसांनी असं एखादं अंडं फुटून शेजारची सगळी अंडी नासवतं.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च लावून अंडं पाहिलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. काहीच दिसलं नाही तर अंडं फळलेलं नाही; नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेलेला आहे.

यंत्राशिवाय मोठ्या प्रमाणावर बदकं उबवायची विद्या आशियाला जुनीच आहे. बांगलादेशात आणि आग्नेय आशियात भाताच्या तुसात अंडी उबवतात. अंडी कापडात बांधून उन्हात किंवा चुलीच्या उबेने गरम करतात आणि तूस भरलेल्या कणगीसारख्या नळकांड्यांत थर लावून ठेवतात. पंधरवड्यानंतर वाढता गर्भ स्वतःच उष्णता टाकू लागतो, आणि त्या जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी वाढतात. ज्यांनी थर्मोकोलच्या डब्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून घरचं यंत्र केलं आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्या आठवड्यात अंड्यांना बाहेरची ऊब लागते, शेवटच्या आठवड्यात तीच अंडी डबा तापवतात. थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवलेला नसेल तर हा फरक कळतही नाही. वीज गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. डब्यावर गोधडी टाकली की एक-दोन तास निभतात. थोडं निवण्याने उबवणी लांबते, पण जास्त तापलं तर गर्भ थेट मरतो. आणि एक नवीन भानगड: जुने पिवळे बल्ब आता दुकानांत मिळेनासे झालेत, आणि त्यांच्या जागी आलेला एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही.

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं आणि ओल वाढवायची. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी कवचावर पहिली चीर दिसते, आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाचं पिल्लू या टप्प्यावर जास्त वेळ घेतं. चीर पडल्यापासून बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत घेत असतं. नेमक्या याच वेळी माणसाचा हात शिवशिवतो. कवच सोलून ‘मदत’ केली की रक्त येतं आणि बरं चाललेलं पिल्लू हातात मरतं.

बाहेर आल्यावर पिल्लू कुणाला आई मानणार, हे पुढच्या काही तासांत ठरतं. कोनराड लॉरेंत्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1935 मध्ये या ओळख-ठशाचं सविस्तर वर्णन केलं. 1973 च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. रानबदकाची पिल्लं आपल्यामागे यावीत म्हणून तो उकिडवा बसून बदकासारखं ओरडत कुरणातून सरकत असे. उभा राहिला किंवा आवाज थांबला की पिल्लं रडायला लागत. एकहार्ड हेस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत रानबदकाच्या पिल्लांवर हा ठसा जन्मानंतर 13 ते 16 तासांत सगळ्यात पक्का बसतो, असं दिसलं. घरच्या कामात याचा उपयोग सरळ आहे. यंत्रातून निघालेली पिल्लं खुडूक कोंबडीला द्यायची असतील तर पहिल्याच रात्री, अंधारात, तिच्या पोटाखाली सरकवायची. तिसऱ्या दिवशी दिली तर पिल्लं तिला ओळखत नाहीत आणि कोंबडी त्यांना टोचते.

कोंबडी नसेल तर पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करून त्यात वरून दिवा टांगतात; हा घरचा ब्रूडर. गोल यासाठी की कोपरा असला तर पिल्लं तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर 30-32 अंश ठेवायचे, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतातच. दिव्याखाली ढीग म्हणजे थंडी, कडेला चोच वासून धापा म्हणजे उष्मा, सगळीकडे विखरून झोपली म्हणजे ठीक. डिसेंबरच्या रात्री दिवा लागतोच. एप्रिलच्या दुपारी मात्र तो न चुकता बंद करावा लागतो.

पाण्याबद्दल दोन उलट चुका होतात. बदकाचं पिल्लू म्हणून कुणी त्याला पहिल्याच दिवशी घमेल्यात सोडतं. जन्मतः पोहता येतं हे खरं, पण शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची ग्रंथी पहिल्या आठवड्यांत पुरती कामाला लागलेली नसते. मऊ लव भिजते, अंग गारठतं, आणि कोरडं करायला बदकीण जवळ नसते. दुसरीकडे कोंबडीच्या पिल्लांचं उथळ भांडं देणारे असतात. त्यात नाकपुड्या बुडत नाहीत, भिजवलेलं पीठ सुकून नाक बंद होतं आणि डोळे चिकटतात. दोन बोटं खोल पाणी आणि आत उतरता येणार नाही असं अरुंद तोंड, एवढं जमवायचं. दाण्याजवळ पाणी नसताना कोरडं पीठ देऊ नये. ते घशात अडकतं. खाद्य ओलसर द्यायचं आणि उरलेलं दोन-तीन तासांनी काढून टाकायचं.

दाण्याच्या बाबतीत बदक आणि कोंबडी यांच्यात सगळ्यात मोठा फरक आहे, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागतं, किलोभर खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम. नुसत्या मक्याच्या भरड्यावर ते भागत नाही, कारण मक्यातलं नायसिन बरंचसं बांधलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, घोटे सुजतात, ते बसूनच राहतं. गावात त्याला ‘पायातून गेलं’ म्हणतात आणि थंडी बाधली असं धरून चालतात. यीस्ट हा सोपा उपाय. भुईमुगाच्या पेंडीतही नायसिन भरपूर असतं, पण पेंडीला हात लावण्याआधी 1960 साली इंग्लंडमध्ये काय झालं ते वाचावं.

त्या वर्षी तिथे एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं पटापट मेली. रोग सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. बदकाची पिल्लंही त्यात गेली. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला आणि तिच्यावरच्या अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीत एक विष सापडलं. ते अफ्लाटॉक्सिन. पुढची गोष्ट बदक पाळणाऱ्याने विसरू नये. हे विष खाद्यात आहे की नाही हे तपासायला सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळा एका दिवसाची बदकाची पिल्लंच वापरत, कारण इतक्या थोड्या मात्रेने दुसरं कुठलंही पाळीव पाखरू मरत नव्हतं. ज्या बुरसट मक्यावर कोंबड्या आठवडे काढतात, त्याच मक्याने बदकाच्या पिल्लांचं यकृत निकामी होतं. पावसात भिजलेली शेंग, दमट खोलीतलं पोतं, गाठी झालेला भरडा यातलं काहीही त्यांना घालू नये. नंतर वाळवूनही नाही. बुरशी मरते, विष राहतं.

कापसाच्या मुलुखात आणखी एक मोह होतो, सरकीच्या ढेपीचा. ढेप गोठ्यात असतेच, प्रथिनंही भरपूर. पण तिच्यातलं गॉसिपॉल गाईम्हशींचं पोट बऱ्यापैकी पचवतं, पाखरांचं नाही. पिल्लांची वाढ खुंटते. ढेप ढोरांनाच राहू द्यावी. पिल्लांना पहिले दोन आठवडे 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य द्यावं, सोबत ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या, बारीक चिरलेला पाला, अझोला, आणि मिळाली तर वाळवी. खाली सोयाबीनचं कुटार घालायचं तर ते करकरीत वाळलेलं हवं. बदकाची पिल्लं पाणी फार सांडतात, एका रात्रीत अंथरूण ओलं होतं आणि त्यावर चढलेल्या बुरशीचे कण थेट फुफ्फुसात जातात. भांड्याखाली जाळी ठेवून सांडलेलं पाणी बाहेर काढणं, हा घरच्या ब्रूडरमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल.

रोगांत बदक तसं काटक. कॉलरा आणि प्लेग ही नावं मोठ्या कळपांत जास्त ऐकू येतात. बदकांच्या प्लेगची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. पण या काटकपणाचा एक तोटा आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तो कोंबड्यांत. या विषाणूचे कित्येक प्रकार बदक अंगात बाळगतं आणि आजारी दिसत नाही. त्यामुळे हिवाळ्यात स्थलांतरित बदकं उतरतात त्या तलावावर घरची बदकं चरायला नेऊ नयेत, आणि बदकं व कोंबड्या एकाच खुराड्यात कोंडू नयेत. कोंबडीने वाढवलेली पिल्लंसुद्धा चार-पाच आठवड्यांनी वेगळी करावीत. तोवर ती तिच्या ऐकण्यात राहिलेलीही नसतात.

पहिली अंडी आणायची कुठून, हा विदर्भातला खरा प्रश्न. पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र नागपूरला आहे, पण त्याचा भर कोंबड्यांवर. बदकांसाठी केंद्र सरकारचं जुनं नाव बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याचं. सोय पाहून बरेच जण आठवडी बाजारातून जोडी उचलतात. ती भावंडं असण्याचा संभव मोठा असतो आणि मग अंडी कमी फळतात. नर शक्यतो दुसऱ्या घरचा घ्यावा. सहा ते आठ आठवड्यांत आवाजावरून नर-मादीची ओळख पटते. मादी मोठ्याने क्वाक करते, नराचा आवाज घोगरा. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली दोन-तीन पिसं येतात. आठ अंड्यांतून सहा पिल्लं जगली असं धरलं तर त्यांत साधारण तीन नर निघणार. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो, जास्त ठेवले तर ते माद्यांच्या मानेची पिसं उपटून त्यांना जखमी करतात. जादा नरांचं काय करायचं, विकायचे, खायचे की कुणाच्या नराशी बदलायचे, हे घरात अंडी बसवण्याआधीच बोलून घ्यावं. चार महिने वाढवून नाव ठेवलेल्या बदकाबद्दल ते बोलणं पोरांसमोर फार अवघड होतं.